न लावलेले द्राक्षमळे

१८७० सालच्या ऑगस्टमध्ये कॅन्ससच्या माँटगोमेरी काउंटीत खानेसुमारी झाली. नोंदणाऱ्याने चार्ल्स इंगल्स, त्याची बायको कॅरोलाइन, पाच वर्षांची मेरी, तीन वर्षांची लॉरा आणि काही दिवसांपूर्वीच जन्मलेली कॅरी यांची नावं लिहून घेतली. जमिनीच्या किमतीपाशी येऊन मात्र त्याचा हात थांबला. ही जमीन ओसेज या मूळ अमेरिकन लोकांची आहे, वसाहतकारांचा तिच्यावर हक्क नाही, अशी सरळ नोंद त्या कागदांत आहे. म्हणजे ज्या लाकडी घरात कॅरी जन्मली, ज्या विहिरीचं पाणी ही माणसं पीत होती आणि जी नांगरट करून त्यांनी पेरणी केली होती, ते सगळं दुसऱ्याच्या जागेवर होतं. सरकारचा माणूस हे लिहून गेला, आणि घरात मात्र जेवणापूर्वी हात जोडून देवाचे आभार मानले जात होते.

या कुटुंबाविषयी मला जे म्हणायचं आहे ते या एका गोष्टीभोवती आहे. जे दुसऱ्याकडून घेतलं गेलं, त्यासाठी देवाचे आभार मानता येतात का? आणि मानले, तर ते देवापर्यंत पोचतात का?

यातली लॉरा म्हणजेच पुढे लेखिका झालेल्या लॉरा इंगल्स वायल्डर. त्यांची पुस्तकं मी शाळेत शिकवत असताना वाचली आणि वर्गात मुलींना गोष्टीसारखी सांगितलीही. पुढे मुलगी मिनेसोटात राहायला गेली. तिच्याकडे गेले असताना आम्ही गाडीने पश्चिमेला साउथ डकोटातल्या डी स्मेटला गेलो. हजार-बाराशे वस्तीचं गाव. रेल्वे आली म्हणून १८८० मध्ये ते वसलं आणि पिएर-जाँ डी स्मेट या बेल्जियन जेझुइट मिशनऱ्याचं नाव त्याला दिलं गेलं. चार्ल्सने १८८७ मध्ये बांधलेलं घर तिसऱ्या रस्त्यावर अजून उभं आहे. गावाबाहेर त्याचा १६० एकरांचा दावा होता, तिथे कॉटनवुडची झाडं आहेत. टेकडीवरच्या दफनभूमीत चार्ल्स, कॅरोलाइन, मेरी, कॅरी, धाकटी ग्रेस आणि लॉराचं तान्हं बाळ आहे. वारा इतका की दोन शब्द बोलायचे तर एकमेकींच्या जवळ जावं लागत होतं.

मला तिथे परकं वाटलं नाही, आणि त्याला कारण आहे. चार्ल्स आणि कॅरोलाइन काँग्रिगेशनल मंडळीचे. मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हला १८७४ मध्ये मंडळी स्थापन झाली तेव्हा ती दोघं पहिल्या सभासदांत होती, आणि डी स्मेटलाही तसंच झालं. माझीही मंडळी तीच. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, ते याच पंथाच्या लोकांच्या पैशावर. १८३१ मध्ये ते अहमदनगरला आलं. सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळेचं नाव फुले दांपत्याच्या चरित्रात येतं, तेही हेच मिशन. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मंडळ्या एक पेटी पश्चिमेच्या माळावरच्या वसाहतकारांना पाठवायच्या आणि दुसरी आमच्याकडे. जुने कोट, मुलांचे कपडे, नाताळच्या भेटी. आमच्या घरात ‘मिशनची पेटी’ हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी असे. डी स्मेटच्या १८८०-८१ च्या भयंकर हिवाळ्यात अशीच एक नाताळची पेटी बर्फात अडकलेल्या आगगाडीतून मे महिन्यात पोचली, असं लॉराने लिहिलं आहे.

त्या हिवाळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ऑक्टोबरच्या मध्यातच हिमवादळ आलं आणि वसंत ऋतूपर्यंत एकामागून एक येत राहिली. रेल्वे बंद पडली. लाकूड नाही, कोळसा नाही, म्हणून गवताला पीळ देऊन त्याच्या काठ्या करायच्या आणि चुलीत घालायच्या. पीठ नाही, म्हणून कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात गहू दळायचा, आळीपाळीने, दिवसभर. ज्याच्या पोटात भुकेची आठवण आहे त्याला या माणसांवर सहज बोट उगारता येत नाही. माझे पूर्वज गावकुसाबाहेरचे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या नावावर वीतभर रान नव्हतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने थोड्याशा फीवर १६० एकर मिळणार होते, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची. अशा कायद्याची बातमी आमच्या वस्तीत आली असती तर माझा पणजोबाही बैलगाडी जुंपून निघाला असता. चार्ल्सची ओढ मला परकी नाही. म्हणूनच ओसेज लोकांचा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण हुसकावून लावलेल्यांमध्येही मी माझीच माणसं पाहते.

त्या वर्षांत ओसेजांचं काय चाललं होतं? त्यांचे सरकारी एजंट आयझॅक गिब्सन हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. वसाहतकार राखीव जमिनीत घुसतात आणि ओसेज शिकारीला गेले की त्यांचं साठवलेलं धान्य लुटतात, असं ते वर कळवत होते. जुलै १८७० मध्ये काँग्रेसने कायदा केला, सप्टेंबरमध्ये ड्रम क्रीकवर ओसेजांनी तो मान्य केला आणि एकरी सव्वा डॉलर या दराने जमीन विक्रीला निघाली. त्या पैशातून त्यांनी आजच्या ओक्लाहोमात दुसरी जमीन विकत घेतली. आणि इंगल्स कुटुंब? १८७१ मध्ये तेही निघून गेलं. विस्कॉन्सिनमधलं त्यांचं घर ज्याने घेतलं होतं त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून ते परत गेले. थोडं थांबले असते तर तीच जमीन त्यांना कायदेशीर विकत घेता आली असती. ज्यांना हटवलं ते गेले, आणि ज्यांच्यासारख्यांसाठी हटवलं तेही गेले.

कॅन्ससच्या त्याच मुक्कामात सगळं इंगल्स कुटुंब हिवतापाने आडवं झालं होतं. त्यांना वाचवणारे डॉक्टर जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णीय होते, आणि कॅरीच्या जन्मावेळी कॅरोलाइनपाशी तेच होते.

आता शास्त्राकडे येते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएलांना सांगतो की परमेश्वर तुम्हाला अशा देशात नेणार आहे जिथली नगरं तुम्ही बांधली नाहीत, विहिरी तुम्ही खणल्या नाहीत, द्राक्षमळे तुम्ही लावले नाहीत. हे सांगून तो बजावतो की पोट भरल्यावर परमेश्वराला विसरू नका. मी लहानपणापासून हा अध्याय ऐकला आहे. उपदेशात नेहमी दुसऱ्या भागावर भर असे, विसरू नका यावर. द्राक्षमळे कुणी लावले होते, हे मात्र व्यासपीठावरून कधी विचारलं गेलं नाही. ज्याने वेल लावली, पाणी घातलं, आळं केलं, तो त्या अध्यायात कुठेच नाही. अमेरिकन वसाहतकारांनी स्वतःला इस्राएल मानलं आणि माळरानाला कनान मानलं. हे मानण्यासाठी त्यांना फार कल्पनाशक्ती लागली नाही. शास्त्र उघडलं की ते वाक्य तयार होतं.

पण त्याच शास्त्रात लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरे आहात. आणि राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होतो आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला खाली उतरतो. तिथे एलीया त्याला गाठतो. मला या गोष्टीत नेहमी हे लक्षात येतं की ईजबेलने सगळं कायद्याच्या चौकटीत केलं होतं. उपासाचा दिवस जाहीर केला, देवाच्या निंदेचा आरोप ठेवला, वडीलधाऱ्यांना बसवलं. ड्रम क्रीकवरही करार होता, सह्या होत्या. कागद पुरा असला म्हणजे देवाचं म्हणणं संपलं, असं नाबोथाच्या अध्यायातून निघत नाही.

म्हणजे एकाच ग्रंथात मळा मिळाल्याचे आभारही आहेत आणि मळा घेतल्याचा न्यायही आहे. इंगल्स घराण्याने पहिला भाग वाचला, कारण सगळ्यांनी तोच वाचला.

टोळांचा प्रसंग मला याहून अवघड वाटतो. १८७३ पासून १८७७ पर्यंत मिनेसोटावर रॉकी पर्वतातल्या टोळांच्या धाडी आल्या. सूर्य झाकून जायचा, शेतात उतरले की गहू, भाजी, झाडाची साल, वाळत घातलेले कपडे, सगळं फस्त. चार्ल्स वॉलनट ग्रोव्हला पेरणी करत होता आणि पीक हातात येत नव्हतं. १८७५ मध्ये, आपल्याकडे काहीच उरलेलं नाही असं शपथेवर लिहून दिल्यावर, त्याला मदत म्हणून पिठाची दोन अर्धी पिंपं मिळाली. लॉराने हे तिच्या पुस्तकांत येऊ दिलं नाही. बापाची ती सही तिला किती खुपली असेल, याची मला कल्पना येते. आमच्याकडेही दुष्काळी कामावरच्या हजेरीच्या गोष्टी वडीलधारे हळू आवाजात सांगत.

मिनेसोटाचे राज्यपाल होते जॉन पिल्सबरी. पिठाच्या गिरण्यांचंच हे घराणं. आज आपल्या दुकानात ते नाव आट्याच्या पिशवीवर दिसतं. सरकारी मदतीने माणूस परावलंबी होतो, असं त्यांचं मत होतं, त्यामुळे मदत थोडी आणि अटी जास्त. मात्र २६ एप्रिल १८७७ हा दिवस त्यांनी साऱ्या राज्यासाठी प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. त्याच उन्हाळ्यात टोळ उडून गेले. कोल्ड स्प्रिंग गावी लोकांनी पवित्र मरियेच्या नावाने एक लहान देऊळ उभारलं. इंगल्स कुटुंब तेव्हा मिनेसोटात नव्हतं. टोळांपुढे हार मानून ते आयोवातल्या बर ओकला गेलं होतं, आणि वाटेत त्यांचा नऊ महिन्यांचा फ्रेडी दगावला होता.

प्रार्थना ऐकली गेली असं त्या लोकांना वाटलं, आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. मीही पावसासाठी गुडघे टेकले आहेत. पण टोळांचं जाणं ही दया असेल तर येणं काय होतं? फ्रेडी गेल्यानंतर टोळ गेले, मग त्याच्या आईने कोणत्या शब्दांत आभार मानायचे? पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. तो टोळ पृथ्वीवरूनच नाहीसा झाला. १९०२ नंतर जिवंत नमुना मिळालेला नाही. कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवुड यांचं म्हणणं असं की हे टोळ रॉकी पर्वताच्या नदीखोऱ्यांत अंडी घालत, आणि नेमकी तीच खोरी वसाहतकारांनी नांगरली, भिजवली, गुरांना चारली. लोक देवाकडे जे मागत होते ते न कळत त्यांच्याच नांगराने घडवलं. त्याच नांगराने माळावरचं गवतही गेलं, आणि त्या माळावर ज्यांची उपजीविका होती त्या माणसांचंही गेलं. एका घरात दया म्हणून जे उतरतं, ते शेजारच्या घरात आपत्ती होऊन उतरतं. दोन्ही घरांचा देव एकच आहे असं मी मानते, म्हणून मला ‘देवाने केलं’ हे वाक्य तिथे पुरं करता येत नाही.

मेरीच्या बाबतीत या कुटुंबाने वेगळं केलं, आणि तिथे माझं डोकं नमतं. १८७९ मध्ये, चौदाव्या वर्षी, मेरीची दृष्टी गेली. पुस्तकात कारण स्कार्लेट ताप दिलं आहे. २०१३ मध्ये डॉक्टरांच्या एका अभ्यासात मेंदूला आलेली विषाणूजन्य सूज हे कारण अधिक संभवनीय ठरवलं गेलं. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू तो प्रश्नच नाकारतो आणि काम करायचं आहे असं म्हणतो. इंगल्स घरातही काम सुरू झालं. चार्ल्सने लॉराला सांगितलं की यापुढे तू तिचे डोळे हो. डकोटा प्रांताने मेरीची फी भरली. १८८१ ते १८८९ ती आयोवातल्या व्हिंटनच्या अंधांच्या महाविद्यालयात शिकली. लॉराने पोरवयात शिक्षिका होऊन मिळवलेले पैसेही घराला लागले. मेरी ऑर्गन वाजवायला शिकली, मण्यांचं काम शिकली, घोड्यांसाठी जाळ्या विणून विकू लागली. देवाने दिलं असं तिथे कुणी म्हणालं, तर देणारे हात कुणाचे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. याच पंथाच्या ॲना मिलार्डबाईंनी १९०० मध्ये मुंबईत अंधांची शाळा काढली, तेव्हा मेरी डी स्मेटच्या घरात आईवडिलांपाशी राहत होती.

अब्राहामाला परमेश्वराने दोन वचनं दिली होती, देश आणि संतती. चार्ल्सने १८८६ मध्ये दावा पुरा करून जमीन आपल्या नावावर केली आणि १८९२ मध्ये ती विकली. गावात तो न्यायाधीशाचं काम करायचा, सुतारकी करायचा, आणि १९०२ मध्ये वारला. मुलींपैकी मूल वाढलं ते फक्त लॉराचं, रोझ. ती १९६८ मध्ये निपुत्रिक गेली आणि चार्ल्स-कॅरोलाइनचा वंश तिथे थांबला. हे ऐकून माझी मुलगी म्हणाली, “आई, म्हणजे ओसेजांचा शाप लागला म्हणायचा का?” मी नाही म्हटलं. जन्मांधाच्या वेळी जो प्रश्न येशूने नाकारला, तो मला इथे विचारता येणार नाही. ओसेज लोक आजही आहेत, ओक्लाहोमात त्यांचं शासन आहे, आणि त्यांना कुणाच्या निर्वंशाने काही परत मिळालेलं नाही.

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलले. आता माझ्या घराबद्दल.

१९०० सालच्या दुष्काळात माझी पणजी अहमदनगरच्या मिशनच्या अनाथालयात आली. आईबाप वाटेतच गेले होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी वर्गणी काढली आणि ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून दोन लाख बुशेल मका मुंबईला पाठवला. दुष्काळी मदतीचं काम पाहणाऱ्यांत अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम होते, आणि त्यासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पिवळा मका आमच्या ज्वारी-बाजरी खाणाऱ्या माणसांना ओळखीचा नव्हता. पणजी म्हणे, पोरं तो आधी हुंगून पाहायची. आमच्या घरात तो मका देवाने धाडला असंच सांगितलं गेलं, आणि जेवताना अजून त्याची आठवण निघते. मका पिकवणारा प्रदेश म्हणजे हाच मधला माळ. आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का, कॅन्सस. एकेका शेताखाली कुणाचं ना कुणाचं गाव गेलेलं.

म्हणून वसाहतकारांच्या आभारांविषयी मी जे विचारते ते मला स्वतःला विचारावं लागतं. तो मका पणजीच्या पोटात गेला नसता तर मी नसते. त्याचे आभार न मानणं मला शक्य नाही, आणि आभार मानून ती जमीन कुणाची होती हे विसरणंही शक्य नाही. माझं म्हणणं असं झालं आहे की देवाचे आभार मानल्याने माणसाचं देणं फिटत नाही. दोन वेगळ्या वह्या आहेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या एकीत जमा करून दुसरी बंद करत आलो. उपकारस्तुतीला सुरुवात करताना निदान नाव घेता येतं, कुणाच्या रानातून हे आलं याचं.

गेल्या वर्षी आमच्या मंडळीत कापणीच्या सणाची प्रार्थना माझ्याकडे होती. ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस वेदीपुढे मांडले होते. मी प्रार्थनेत ह्यूमसाहेबांचं आणि मका धाडणाऱ्यांचं नाव घेतलं, आणि त्या माळाच्या मूळ रहिवाशांचं, ओसेज आणि डकोटा लोकांचंही घेतलं. उपासनेनंतर मंडळीतले एक वडील, ज्यांना मी दादा म्हणते, मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, ही कोण माणसं? यांचा आपल्याशी काय संबंध?” मी त्यांना कॅन्ससपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे त्या पोरीने मका खायचा नव्हता का?”

खायचाच होता, असं मी म्हटलं. भुकेल्या पोरीला कुणी हिशेब मागू नये. पण मी भुकेली नाही, दादा, आणि तुम्हीही नाही. त्यांचं म्हणणं पडलं की आभाराच्या दिवशी आभारच मानावेत, पश्चात्तापासाठी उपासाचे चाळीस दिवस आहेत. मी त्यांना नाबोथाचा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला, तर त्यांनी मला अनुवादाचा सहावा. दोघांनी दोन्ही वाचले. आमचं अजून एकमत झालेलं नाही.